नानीबाईची आठ बोर्डांची माळ

कनेरगाव नाक्यावर मोटार रिवाइंडिंगचं एक दुकान आहे. पाटीवर नाव वसराम राठोडचं, पण आत बसून तार भरते ती त्याची बायको नानीबाई. वसरामला बारीक तार दिसेनाशी झाली तेव्हा ती त्याच्या जागी बसली, त्याला आता पंधरा वर्षं झाली. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरी तिच्या हातच्या तारेवर चालतात. आमच्या शेतातली मोटारही त्यात आली, म्हणून खात्रीनं सांगतो.

मी हिंगोलीतल्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. बावीस वर्षं भिंगं पुसली. गेल्या वर्षी आमच्या रत्नपाल सरांनी परदेशातलं एक काम ओढून आणलं. तिकडे जमिनीखाली अणूहूनही बारीक कण एकमेकांवर आपटतात आणि त्यांचा माग टिपायला लाखो ठिपक्यांच्या चिप लावतात. प्रत्येक चिपला वेगळी केबल द्यावी तर तांब्याची एवढी गर्दी होते की कण त्यातच अडखळतात. म्हणून आठ चिप एका माळेत ओवायच्या. पहिलीतून निघालेला करंट दुसरीत, दुसरीतून तिसरीत, शेवटपर्यंत तोच. आमच्याकडे खऱ्या चिप नव्हत्या. तेवढीच वीज खाणारे, तेवढेच तापणारे आठ नकली बोर्ड होते, प्रत्येकावर एक हिरवा दिवा. ते ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून माळ चालवून दाखवायची होती.

केसाएवढ्या तारा जोडणार कोण? नानीबाईचं नाव मीच सुचवलं. तिनं तीन दिवसांत तारा जोडल्या. पट्टीला भोकं पाडून बोर्ड स्क्रूनं बसवले ते सरांच्या हाताखालच्या प्रमोदनं.

माळ सुरू केली. आठही दिवे लागले. वीस मिनिटांनी पाचवा ते आठवा एकदम विझले, पहिले चार मात्र लागलेलेच. बंद करून तपासलं तर सगळं ठीक. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. सरांनी ते चार बोर्ड बदलून पाहिले, तरी तेच.

"सर, वायरिंगच कच्चं आहे," प्रमोद म्हणाला. "मोटारीचं काम वेगळं, हे वेगळं. पुण्याच्या कंपनीला देऊन टाकू."

हे तिच्या तोंडावर! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिकडच्या लोकांशी व्हिडिओ मीटिंग होती आणि पुढच्या बारा माळांच्या वायरिंगचं काम कुणाकडे ठेवायचं ते त्यातच ठरणार होतं. म्हणजे पंधरा वर्षांच्या नावाला एका दुपारीत बट्टा. नानीबाई पिशवी उचलून निघून गेली.

सकाळी दहाला ती हजर. "सर, माळ लावा."

चार दिवे विझेपर्यंत ती समोर बसून राहिली. मग म्हणाली, "चार जणी एकाच वक्ती न्हाई मरत, सर. करंटला मधातच दुसरी वाट भेटली. माळ बॉडी मारून राहिली, पट्टीला टेकली कुठंतरी."

"मावशी, पट्टीला कुठं टेकत नाही ते मी काल तपासलंय," प्रमोद म्हणाला. "मीटरनं."

"गार झाल्यावर तपासलं तुमी. गार मोटर खोटं बोलती, भाऊ. तापलेली हाय तवर बघा."

तिनं पिशवीतून मोटारी तपासायचा आपला सिरीज बोर्ड काढला, शंभर वॅटच्या बल्बाचा. सर खुर्चीतून उठलेच. "नानीबाई, दोनशे तीस व्होल्ट लावलं तर सगळं जळून जाईल!"

"बरं मग, तुमचं मीटर द्या." ती हसली.

सप्लाय काढला आणि पट्टी गार व्हायच्या आत तिनं मीटरचं एक टोक पट्टीला, दुसरं एकेका बोर्डाला लावलं. पाचव्याला मीटर ओरडलं. बोर्ड उचलून पाहिला. भोक पाडताना राहिलेली धार खालचा वीज अडवणारा पिवळा कागद फाडून वर आली होती. पट्टी तापून फुगली की धार बोर्डाला टेकायची, आणि पट्टी सप्लायच्या परतीच्या टोकाला जोडलेली असल्यानं करंट पाचव्यापासूनच्या चौघांना सोडून पट्टीतूनच परत जायचा. प्रमोदचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

नानीबाईनं कानशीनं धार घासली, कागद दुहेरी घातला. बारा वाजता माळ पुन्हा सुरू झाली. विसाव्या मिनिटाला खोलीत कुणी हलेना. एकविसावं गेलं, तिसावं गेलं. चार वाजले तरी आठही दिवे हिरवेगार. मी चक्क शिट्टी मारली. नोकरीत पहिल्यांदाच.

पडद्यावरच्या पाहुण्यांनी तापमानाचे आकडे पाहिले, माना डोलावल्या आणि दोष कुणी शोधला ते विचारलं. प्रमोदनं लॅपटॉप नानीबाईकडे वळवला आणि आपल्या तोंडानं सांगितलं, "यांनी. भोक मी पाडलं होतं." तिथं मात्र मी त्याला मानलं. उरलेल्या बारा माळाही याच बाईंकडून करून घ्या, असं पलीकडून आलं. सरांचे डोळे भरले. माझेही, लपवू कशाला?

"त्यांना काही सांगायचंय का?" सरांनी नानीबाईला विचारलं.

तिनं पदर सारखा केला. "सांगा, वायरीला काईच झालं नव्हतं."

सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. पलीकडे टाळ्या वाजल्या. नानीबाईनं टाळ्यांकडे लक्षच दिलं नाही, ती सरांकडे वाकली.

"सर, बराबर सांगितलं ना? वायरीचं?"