मागच्याने उतरायचं

काजूच्या टरफलांच्या काळ्या तेलाचा वास आला की मला आमच्या वहाळावरचा साकव आठवतो. वाडीतून रत्नागिरीच्या रस्त्याला लागायला तेवढा एकच लाकडी पूल, आणि कुजू नयेत म्हणून दरवर्षी त्याच्या फळ्यांना ते तेल लावायचे माझे वडील. मोटरसायकल साकवाशी आली की मागच्याने उतरायचं आणि चालत पलीकडे यायचं, हा नियमही त्यांचाच. ते स्वतः न चुकता उतरत, आणि त्यांच्या पावलांखाली फळ्या अशा खडखडत की मला मागे वळून बघावं लागत नसे. त्या सकाळी मी त्यांना रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेत होतो. आजाराने ते पार सुकून गेले होते. साकवाशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "थांब रे, उतरतो." मला उशीर होत होता. मी म्हटलं, "बसा हो बाबा, आता तुमचं वजन ते काय राहिलंय." ते बसून राहिले. परतताना मात्र न विचारता उतरले. मी पलीकडे जाऊन इंजिन बंद केलं. बराच वेळ फळ्या वाजल्या नाहीत, म्हणून मागे वळून बघितलं, तर ते कठडा धरून मधोमध उभे होते आणि एकाच फळीवर पुन्हा पुन्हा पाय आपटून बघत होते; ती तरीही वाजत नव्हती. पुढच्या वर्षी तेल लावायला ते नव्हते. आता मी लावतो. गाडीवर मागे कुणी नसतं, तरी साकव ओलांडला की मी इंजिन बंद करून थांबतो.