पाली ते आष्टी, सायकलीवरचा निरोप

आमच्या पालीत तेव्हा सायकल एकच, आणि ती माझी. मामांनी नगरहून जुनी आणून दिली होती. निजामाच्या राज्यात आमच्याकडे रस्ते म्हणजे गाडीच्या चाकोऱ्या. लांबच्या गावी मरणाचा निरोप न्यायचा झाला की लोक मलाच बोलवायचे. निरोप्यानं उंबऱ्याबाहेरूनच सांगायचं, त्या घरचं पाणी प्यायचं नाही, लगेच मागं फिरायचं, ही रीत. दोन-तीन वर्षांत माझी सायकल आष्टीपर्यंत ओळखीची झाली. शिवेवर दिसली की बाया तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर यायच्या.

शेजारची म्हातारी अंथरुणाला खिळली. तिची लेक आष्टीजवळ दिलेली.

"आई जिती हाय तवर तिला यायला सांग," म्हातारीचा मुलगा म्हणाला.

पहाटे निघालो. मांजरसुंब्याचा घाट सायकल ढकलत चढलो. पाटोद्यापुढं मागचं चाक बसलं, ते चिंध्या कोंबून तसंच हाकलं. पोचलो तेव्हा दिवस कलला होता.

मी तोंड उघडायच्या आत लेकीनं अंगणात अंग टाकलं.

"अवो, ऐका तरी..."

"काय ऐकायचं बे? तुजी सायकल दिसली तवाच कळलं," तिचा सासरा म्हणाला. "एवढ्या लांबून मातीला कुठं पोचतो आमी? दहाव्याला येतो म्हनून सांग. जा आता, दारात थांबू नगंस."

तेव्हाच ओरडायला हवं होतं, की म्हातारी जिवंत आहे. पण सगळी गल्ली गोळा झाली होती, लेक जमिनीवर डोकं आपटत होती. जित्या आईवर रडवलं म्हणून हे लोक मला तुडवतील, अशी भीती वाटली. मी सायकल वळवली. रात्री पुढच्या गावच्या मारुतीच्या देवळात पडलो. सकाळीही मागं जाता आलं असतं. गेलो नाही.

पालीत येऊन सांगितलं, "निरोप दिला. येते म्हनाली."

म्हातारी त्यानंतर चार दिवस जगली. दाराकडं तोंड करून झोपायची. गाडीचा आवाज आला की मान उचलायची. लेक वाटेतच असेल म्हणून मरणाचा वेगळा निरोप कुणी धाडला नाही.

दहावा धरून लेक आली, भावासाठी दुखवट्याचं धोतर घेऊन. भाऊ दारातच उभा राहिला.

"आज सहावा हाय. तुजी वाट बघत मेली ती. कावून आली न्हाईस?"

ती माझ्याकडं बघायला लागली. "ह्यानं तर..."

"म्हातारी जिती हाय, असंच मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

भावानं दार लावून घेतलं. तिनं धोतर उंबऱ्यावर ठेवलं आणि गाडीत जाऊन बसली. त्यानंतर ती माहेरी कधीच आली नाही. भाऊ मेला तेव्हाही नाही. तो निरोप न्यायला मलाच सांगितलं होतं. मी पाय दुखतात म्हणालो.

बहीणभाऊ दोघंही आता नाहीत. आईला टाकणारी लेक म्हणून आमच्याकडं अजून तिचं उदाहरण देतात. तिनं आईला टाकलं नव्हतं. आई जिवंत आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.