उजव्या नाकपुडीची गुलाबाई

यादवराव चौधरींच्या हातात कला होती, यात वाद नाही. वाद होता तो त्या कलेपायी घरातल्यांनी किती सोसायचं याचा. सुलभाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला विचारलंत, तर ती माउली कपाळाला हात लावून एवढंच म्हणायची, "देवानं यांना थोडी कमी अक्कल दिली असती, तर घर सुखात असतं हो."

बुऱ्हाणपुरात भादव्याची पुनव आली की मराठी घरांतून पोरींची गुलाबाई बसते. गुलाबाई म्हणजे पार्वती. नवऱ्याला, गुलोजीला घेऊन ती महिनाभर माहेरपणाला येते. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी या घरून त्या घरी जातात, टाळ्या वाजवून गाणी म्हणतात, झाकल्या डब्यातला खाऊ ओळखतात, आणि कोजागिरी झाली की तापीवर बोळवण. बाकी सगळे कुंभाराकडून मूर्ती आणतात. नाक बसकं असो की डोळा तिरपा, हळदीकुंकू लावलं की झाली देवी. यादवरावांना ते चालायचं नाही. पोरगी रजनी गाणी म्हणायच्या वयाची झाली, तेव्हापासून गुलाबाई त्यांनी स्वतः करायची, असा घरचा नेम होऊन बसला होता.

काम मात्र बघत राहावं असं. तापीच्या राजघाटाखालून चिकणमाती आणायची, चाळायची, तडे जाऊ नयेत म्हणून तीत कापूस पिंजून घालायचा आणि मग ओसरीत बसून बोरूच्या तुकड्यानं लुगड्याची एकेक निरी काढायची. शेजारच्या धुरपदाबाई येताजाता थांबायच्या. "काय बोटं दिली रे बाप्पा देवानं!" म्हणायच्या. यादवराव मान वर करायचे नाहीत. त्यांना नेमकी न जमलेली निरी दिसत असायची. एका साली गुलाबाईच्या हाताचं बोट वाकडं झालं, तरी कशीबशी ठेवली. मागच्या साली ओठ जाड झाले म्हणून ऐन पुनवेला वरवंट्यानं फोडली. पोरी आल्या, रिकामा पाट बघून एकमेकींकडे बघत राहिल्या आणि दुसऱ्या घरी निघून गेल्या. मग महिनाभर या दाराशी कुणी फिरकलं नाही. रजनीच रोज दुसऱ्यांच्या दारी जात राहिली.

यंदा तर माणूस आधीच थकलेला होता. भाषावार प्रांतरचनेत भोपाळ राजधानीचं नवं राज्य होऊन वर्ष व्हायला आलं होतं. यादवरावांच्या सरकारी कचेरीतले निम्मे सोबती आपापल्या मुलखात, नागपूर-अमरावतीकडे निघून गेले. नागपूरची रीत गेली, भोपाळची आली. नवे साहेब ग्वाल्हेरकडचे. माणूस वाईट नव्हता, पण यादवरावांनी लिहिलेला प्रत्येक कागद तांबड्या पेन्सिलीनं रंगून परत यायचा. "चौधरीजी, अब ये ऐसे नहीं चलता." वीस वर्षं ज्यांच्या कामाला कुणी बोट लावलं नाही, त्यांना पोरासोरांदेखत रोज हे ऐकायचं. घरी येईस्तोवर अंगात त्राण उरायचं नाही. दुसरा कुणी आडवा झाला असता. हे हातपाय धुऊन मातीपुढे बसायचे. दिवसभर चुकाच चुका, निदान हिच्यात एकही नको, असा हट्टच धरला होता म्हणा ना.

"अहो, जेवून घ्या. डोळे मिटताहेत तुमचे," सुलभाताई म्हणायच्या.

"थांब जरा. कान राहिलाय."

आणि खरं सांगायचं तर यंदाची गुलाबाई जमली होती. गालात किंचित हसू, पापण्या अर्ध्या झुकलेल्या, थेट माहेरी आलेल्या बाईचा चेहरा. माती वाळली, खडूचा हात फिरला, हिंगुळानं ओठ रंगले. बघून धुरपदाबाईंनी बोटं मोडून दृष्ट काढली. पुनवेच्या दिवशी यादवरावांनी अर्धी सुट्टी काढली. फक्त नथ घालायची बाकी होती. सुलभाताईंनी बारीक मण्यांची, करंगळीच्या नखाएवढी नथ वळून ठेवली होती. यादवरावांनी ती चिमटीत धरली, गुलाबाई समोर पाटावर ठेवली, आणि हात तसाच राहिला.

नाकातलं भोक उजवीकडे होतं.

झालं असं होतं, की माती ओली असताना नाक टोचताना डोकं हलू नये म्हणून त्यांनी बाहुली मांडीवर उताणी घेतली होती, डोकं आपल्या पोटाकडे करून. रोज समोर बसवून काम करायची सवय. आपल्या उजव्या हाताला येते ती तिची डावी नाकपुडी, हे डोक्यात पक्कं. झोपेनं डोळे जड झालेले. बाभळीचा काटा घेतला आणि त्याच सवयीनं टोचून मोकळे झाले. आता बाहुली उलट्या बाजूनं आडवी आहे, आपल्या उजव्या हाताला तिची उजवीच नाकपुडी आलीय, हे ध्यानातच आलं नाही; रंगवतानाही त्या काट्याएवढ्या भोकाकडे लक्ष गेलं नाही. आपल्याकडे तान्ह्या पोरीचं नाक टोचतात तेही डावं. उजव्या नाकपुडीत नथ घातलेली गुलाबाई बुऱ्हाणपुरात कुणी बघितली नसेल. वाळल्या मातीला दुसरं भोक पाडावं, तर नाकच हातात यायचं.

यादवराव खाली बसले. राग यायला हवा होता. दरवर्षी असा यायचा की कानशिलं तापायची. आज आला नाही. नुसता शीण आला, पायाच्या बोटांपासून वर. इथंही तांबडी पेन्सिल पोचली, एवढंच त्यांच्या मनात आलं. वरवंटा स्वयंपाकघरात होता. तिथवर उठून जायचासुद्धा कंटाळा आला.

असू दे, असं ते पहिल्यांदाच मनाशी म्हणाले. मरू दे ती नाकपुडी. पोरगी वाट बघतेय.

त्यांनी नथ घातली, उजवीकडे. मग हाक मारली, "रजनी, ये गं. बघ तुझी गुलाबाई."

रजनी परकर सावरत आली. दहा-अकरा वर्षांची पोर, पण नजर बापाची. क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "नथ उलटी आहे, बाबा."

"हो गं. चुकलं जरा."

रजनी वळली. आत गेली. यादवरावांना वाटलं, कुंकवाचा करंडा आणायला गेली असेल. परत आली ती दोन्ही हातांनी वरवंटा धरून. तो बापापुढे ठेवला आणि शहाण्या बाईसारखी म्हणाली, "फोडून टाका. पोरी यायच्या आत."

"अगं वेडे!" यादवराव चरकलेच. "कायले फोडायची? एवढी देखणी झालीय! तुला हवी होती ना? पोरी परत जातील, मागच्यासारख्या."

"जाऊ देत."

"हसतील म्हणून भितेस का? हसू देत की. मी सांगेन, माझी गलती आहे."

"पोरींचं नाही हो बाबा." रजनीनं वरवंटा बापाकडे आणखी सरकवला. "तुमचंच. ते बोट वाकडं झालं होतं ना, त्या साली तुम्ही ठेवलीत. मग महिनाभर तुम्ही रोज त्या बोटाकडे बघायचे आणि कुणाशीच बोलायचे नाही. आई रडायची. मी गाणं म्हणताना हसले, तर माझ्यावर खेकसलात. मागल्या साली फोडलीत आणि दुसऱ्या दिवशी मला बाजारात नेऊन जिलेबी दिलीत." तिनं नाक पुसलं. "फोडलेली बरी असते."

स्वयंपाकघराच्या दारात सुलभाताई खाऊचा डबा घेऊन उभ्या होत्या. नेहमी बोलणारी बाई गप्प राहिली, तेव्हाच यादवरावांना कळलं की पोरगी शब्दन् शब्द खरं बोलतेय.

आपण चुका मोजतोय असं त्यांना वाटत आलं होतं. मातीच्या, आपल्याच हातच्या. त्यात कुणाचं काय जातं? आणि इकडे ही एवढीशी पोर बापाचं तोंड बघून ठरवत होती, घरात देवी बसलेली परवडेल की नाही. त्यांना रडू आलं. पण रडायलाही ताकद लागते.

"नाही फोडायची," ते म्हणाले. "आणि मी बोलेन सगळ्यांशी. देवाशपथ."

रजनीनं एकवार त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वरवंटा उचलून आत ठेवून आली.

दिवेलागणीला पोरींचा घोळका आला. एकीनं लगेच विचारलं, "अय्या, नथ अशी कशी?" यादवराव म्हणाले, "माझी चूक झाली बाई," आणि हसून दाखवलं. "अस्सं होय!" म्हणून पोरींनी फेर धरला, विषय संपला. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. सुलभाताईंनी डबा खुळखुळवला. एक म्हणाली शेंगदाणे, एक म्हणाली दराबा. तुपातला मऊ गोड दराबा खुळखुळतो का गं, म्हणून सगळ्या खिदळल्या.

रजनीही टाळ्या वाजवत होती, चालीत होती, शब्द चुकत नव्हती. पण बाकी पोरी गुलाबाईकडे बघून गात होत्या आणि ती बापाकडे बघून. यादवरावांची नजर नथीकडे वळली की तिची टाळी जराशी थबकायची. ते चटकन नजर काढून तिच्याकडे बघून हसायचे. मग टाळी पुन्हा सुरू. हसून हसून त्यांचे गाल दुखायला लागले होते, आणि हा पहिलाच दिवस होता. कोजागिरीला अजून अख्खा महिना होता.