आर्वीच्या मामाची लोखंडी नाव

"नाव तयार झाली, पाह्याले येजो," असा मामाचा निरोप आला आणि मी लगेच पिशवी भरली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्धा नदीच्या घाटांवर सरकारी नावा चालायच्या, जुन्या लाकडी, फळ्या कुजलेल्या. त्या काढून लोखंडी आणायच्या, आणि त्याही लांबच्या बंदरातून न मागवता जिल्ह्यातच बांधून घ्यायच्या, असं सरकारनं ठरवलं. पहिली बांधायला मिळाली माझ्या मामाला. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारा माणूस हो! ही पास झाली तर बाकीच्याही त्याच्याच. नाही तर काम बाहेर जाणार. तिच्यापायी मामानं दुसरं काम हाती घेतलंच नव्हतं.

जाणार असाल तर हिवाळ्यातच जा. तेव्हा कापसाची वेचणी चालू होती, वर्धा ते आर्वी दोन्ही बाजूंना रान पांढरं. एसटीत माणसांपेक्षा बोचकी जास्त. "बाई, पाय वर घ्या न, माह्या कापसावर काऊन ठेवता?" शेजारीण डाफरली. मी मुकाट्यानं पाय वर घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-मामीसोबत घाटावर पोचले. एवढं लोखंड, आणि पाण्यावर अलगद डुलतंय! दोन बैलगाड्या बैलांसकट मावतील एवढी नाव. नाव पास करायला सरकारी साहेब येणार म्हणून मामानं तळाच्या पत्र्यालाही चकचकीत रंग दिला होता.

तिथंच घोटाळा झाला. साहेबांपुढं चाचणीला आणलेल्या पहिल्या बैलानं पाय टाकला, पत्रा ठण्णकन वाजला, खूर सटकला, आणि गडी जो मागं फिरला! दुसरी जोडी तर जवळही जाईना.

"मारू नोका त्याइले, नाई चढत ते," गाडीवान म्हणाला.

साहेब शांतपणे म्हणाले, "गाड्या जाणार नसतील तर नाव घेऊन काय करू? दुपारपर्यंत थांबतो."

मामा वाळूत मटकन बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

मामी मात्र पदर खोचून उठली. "अंगणात चालते न बैल? मंग अंगणच करा त्याचं!" घाटावरच्या बाया हसल्या, पण शेण घेऊन धावल्या. शेण, पांढरी माती, तुरीचं कुटार म्हणजे भुसा, असं कालवून सगळ्यांनी मिळून अख्खी नाव सारवली. सरकारी नाव, हो! उन्हानं पत्रा तापला होता, साहेबांनी भरीत-भाकर खाईस्तोवर सारवण वाळलंसुद्धा.

बैल आले. हुंगलं. पाय टाकला. आवाज नाही.

मग दुसरा पाय, मग गाडी, मग दुसरी गाडी. बांबू रेटत नाव सुटली. मामा आणि साहेब तिच्यातच होते. बैल नदीच्या मधोमध रवंथ करत उभे होते. बाप्पा, काय ते दृश्य!

मी आणि मामी अलीकडेच उभ्या. नाव पलीकडे लागली, बैल उतरले, साहेब मामाशी काहीतरी बोलले. आम्हाला ऐकू येईना. मामीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

आणि मग नदीवरून मामाची आरोळी आली, "सुमित्रेऽऽ! बाकीच्या बी आपल्याच वं!"

चारचौघांत बायकोचं नाव न घेणारा माणूस. उभ्या जन्मात "ऐकलं का"च्या पुढं गेला नव्हता. मामीचे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. डोळे पुसायचीही सोय नव्हती. मीच माझ्या पदरानं पुसले.

घरी आल्यावर सगळे विचारत होते, नाव कशी होती? मी नावेचं सांगायला बसले की सुमित्रामामीचंच सांगत सुटायची. अजूनही तेच होतं.