अजून एक तुकडी

माझे यजमान भाद्रपदात गेले. त्यानंतर मी मासळी खाल्ली नाही. तसं मी काही धरलेलं नव्हतं. सुतक फिटल्यावर माहेरच्यांनी तिखट जेवण केलं, माझ्या ताटात मांदेली वाढली, ती मी बाजूला सारली. काही आतच जात नव्हतं. पुढच्या वेळीही तसंच झालं. मग घरात माझ्यापुरतं वरण वेगळं होऊ लागलं, आणि गावातल्या बायका म्हणायला लागल्या की हिने नवऱ्याच्या नावाने वर्षभरासाठी सोडलंय. मला कोणाचं बोलणं खोडायची सवय नाही. मी गप्प राहिले आणि ते खरं झालं.

मुलीचं लग्न त्यात अडकलं. ती कर्जतला औषधांच्या दुकानात आहे. मुलगा कुंभिवलीकडचा, तिथेच कंपनीत कामाला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि यजमानांनी जाण्याआधी होकारही दिला होता. आमच्यात घरात मरण झालं की लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. मुलाकडचे तीन वर्षं थांबणार नव्हते. तसं त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. मोठे दीर मात्र वर्षाच्या आत करायला तयार नव्हते.

"जिचा नवरा गेला ती अजून मासळी तोंडाला लावत नाय," ते ओटीवर बसून म्हणाले. "तिच्या दारात मी वाजंत्री कशी आणू?"

मी आत तांदूळ निवडत होते. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि खडे वेचू लागली.

हे मुलाच्या आईच्या कानावर गेलं. त्यांनी दिवाळी झाल्यावर एका रविवारी आम्हाला नदीकाठच्या हॉटेलात जेवायला बोलावलं. चौक गावाच्या रस्त्याने जाताना ते हॉटेल मी बाहेरून कितीदा पाहिलं होतं. वाढदिवस, साखरपुडा, कोणाची बढती असं काही असलं की लोक तिथे मासे खायला जातात. आम्ही कधी गेलो नव्हतो.

आमचं टेबल पाण्याच्या बाजूला होतं. खाली नदी संथ होती, पलीकडे कोणी गुरं धूत होतं. शेजारच्या टेबलावर एका आजोबांचा वाढदिवस होता. केक आला, गाणं लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मोठे दीर माझ्या समोर बसले होते, म्हणून मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि पाण्याकडे पाहत राहिले.

मेनूकार्डात माशांची चित्रं होती. मुलाच्या आईने ते कोणाच्या हाती जाऊ दिलं नाही. त्यांनीच सुरमई सांगितली, कोळंबी सांगितली, तांदळाच्या भाकऱ्या सांगितल्या.

"बोंबील पण सांग रं," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या. "तुझा सासरा नाय, पण चुलत सासरा बसलाय. उद्या म्हणायला नको, कोळंबीवर भागवलं."

"मला काय नको," दीर म्हणाले. "सोलकढी पुरे."

"सोलकढी प्यायला एवढ्या लांब आलाव?"

दीर हसले नाहीत. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती ग्लासावरचं पाणी बोटाने पुसत होती.

सुरमई आली. मुलाच्या आईने कोणाला न विचारता पहिली तुकडी माझ्या ताटात ठेवली. मधली, मोठी. सगळे माझ्या ताटाकडे बघू लागले. मी भाकरीचा तुकडा मोडला, मासा सोडवला आणि तोंडात घातला. मिठाची चव लागत नव्हती, तिखटाची नाही, काहीच नाही. ऊन ऊन कापूस चावावा तसं वाटलं. मी गिळला. दुसरा घास घेतला. तुकडी संपेपर्यंत मी खाली मान घालून खात राहिले. काटा ताटाच्या कडेला ठेवला.

दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत. इतक्या वर्षांत बोललेले नाहीत. ते मुलीला म्हणाले, "तुझ्या आईला विचार गं. मनानं खाल्लं, का आमी बघतोय म्हणून?"

मुलीला विचारता येईना. तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. तिचं सगळं माझ्या उत्तरावर होतं, आणि माझ्या मनात काय होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. मनाला विचारलं तर आत कोणी बोलत नव्हतं.

मी दुसऱ्याकडे जेवताना कधी काही मागितलेलं नाही. लहानपणीही नाही. मी ताट मुलाच्या आईकडे सरकवलं आणि म्हटलं, "अजून एक तुकडी वाढा."

त्यांनी वाढली. मी तीही खाल्ली, पहिलीसारखीच.

मग दिरांनी बोंबलाची बशी पुढे ओढली. "माघात बघा तारीख," ते म्हणाले. "त्याच्या आत मला भातझोडणीतून सवड नाय."

मुलगी उठून हात धुवायला गेली. पुष्कळ वेळाने आली. तिचे डोळे लाल होते. मला आनंद व्हायला हवा होता. काम झालं, एवढंच वाटलं.

निघताना मुलाची आई माझ्यासोबत टेंपोपर्यंत आली. "विहीणबाई, तुमाला मानाची साडी घेणार. रंग सांगा."

"कुठलाही चालेल."

"कुठलाही रंग दुकानात मिळत नाय. मी मागून बघितलाय."

"तुम्ही म्हणाल तो."

"माझ्या मनाचा घेतला तर भडक असल. मग बसाल रडत." त्या वाकून टेंपोच्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या. "सांगा, मी हाय हितं."

आत दीर बसले होते, मुलगी बसली होती. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. त्या हात काढेनात. मी रंग आठवू लागले.