मंगळवारची घरघर

मोताळ्याकडच्या आमच्या गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक काका आहेत. बोअरजवळ आले की ते चप्पल काढतात, गुडघ्यांवर बसतात आणि लोखंडी पाइपाला कान लावतात. डोळे उघडे असतात, पण ते कोणाकडेच पाहत नाहीत. मला त्या नजरेची अजूनही थोडी भीती वाटते.

पिण्याच्या विहिरीत पाणी टिकावं म्हणून दर मंगळवारी शेतातल्या सगळ्या मोटारी बंद ठेवायचं गावानं ठरवलं होतं. अशाच एका मंगळवारी काकांनी मला गावाच्या जुन्या बोअरजवळ बोलावलं. "ये बे कॉलेजवाल्या, आयक."

मी कान लावला. फार खालून घरघर येत होती.

"तीन मोटारी हायेत," ते म्हणाले. "एक तुह्या बापाची."

दुसरा लबाडी करतोय असं वाटलं की प्रत्येकजण करतो आणि शेवटी सगळ्यांचंच नुकसान होतं, हे आम्हाला कॉलेजात नुकतंच शिकवलं होतं. संध्याकाळी पारावर तेच चाललं होतं. "तो चालवते, त मीच काऊन बंद ठेवू?" शेवटी सगळे काकांकडे वळले. बाबांची मान खाली होती.

"म्या कान लावून पाह्यला," काका शांतपणे म्हणाले. "कोणाचीच चालू नाही."

पुढच्या मंगळवारी बाबांनी मोटारीला हात लावला नाही. मी बोअरवर गेलो. खाली काहीच ऐकू आलं नाही. काकांनीही बराच वेळ कान लावला.

"काका, सगळ्यांनी बंद ठेवल्या ना?"

"ठेवल्या असतीन. नाहीतर पाणीच गेलं असन. कानाले दोन्ही सारखंच आयकू येते."