कॅलेंडरमागचा पासवर्ड

बाईंची वेबसाइट हॅक झाली ती माझ्यामुळे. त्यांच्या पासवर्डचा त्यात काही संबंध नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्तीनंतर कांदिवलीच्या दोन खोल्यांतून त्या आमच्या कोकणातल्या लोकांसाठी वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. मी ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं.

स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग घेतलं होतं. एकाच मशीनवर शेकडो अनोळखी लोकांच्या वेबसाइट, ज्याने त्याने आपापलं दार लावून घ्यायचं. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये उद्घाटन होतं. शनिवारी दुपारी बाईंच्या जेवणाच्या टेबलावर मी इन्स्टॉल करत बसलो होतो आणि दर खेपेला तीच लाल ओळ येत होती: फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. फोटो चढेनात.

फाइल कुणी वाचायची आणि कुणी बदलायची, हे तीन आकड्यांवर ठरतं. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४, हे बरोबर आकडे. ते देऊन झाले होते. खरं कारणही कळलं होतं: फाइली एका खात्याच्या नावावर होत्या आणि सर्व्हर चालत होता दुसऱ्याच खात्याच्या. होस्टिंगवाल्यांना कळवून ते बदलून घ्यायचं, त्याला दोन दिवस लागले असते.

"काय रे, अडलं का?" बाईंनी ओट्यापाशी उभ्या राहून विचारलं.

"होतंय, बाई."

"भूमितीच्या पेपरातही असंच म्हणाला होतास."

मी सगळ्या फोल्डरांना ७७७ देऊन टाकलं. म्हणजे त्या मशीनवरच्या कुणीही आत यावं, काहीही लिहावं. पहिला फोटो लगेच चढला. उद्या कार्यक्रम झाला की आकडे परत बदलू, असं मनाशी म्हटलं.

"नीट झालं ना? लोकांच्या मुलींचे फोटो आहेत रे त्यात."

"झकास झालंय, बाई."

त्यांनी पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, गॅसच्या नंबराखाली लिहून ठेवला.

"बाई, तिथे नका लिहू. कुणी वाचलं म्हणजे?"

"कोण वाचतंय? दूधवाल्याचं लग्न झालंय."

सोमवारी आकड्यांची आठवण झाली, पण ऑफिसात गडबड होती. पुढे पुढे आठवणही येईनाशी झाली.

चार-पाच महिन्यांनी मुलींच्या फोटोंखाली जुगाराच्या आणि घाणेरड्या जाहिराती दिसू लागल्या. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी साइट बंद करत होतो तेवढ्यात एका मुलीचे वडील आले, बोरिवलीहून. तिचं लग्न ठरत आलं होतं. समोरच्यांनी ते पान पाहिलं आणि फोन घेणं बंद केलं.

"तुमच्या शब्दावर फोटो दिला होता, बाई," ते म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी पासवर्ड कॅलेंडरवर लिहिला होता. येणारे-जाणारे असतात, कुणीतरी वाचला."

माझ्यासमोर लॉगिनची यादी उघडी होती. तिच्यात बाई आणि मी, आम्हा दोघांशिवाय कुणीही नव्हतं. आणि फोल्डरांवर अजून ७७७ होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "तू सांगितलं होतंस मला. नाही का रे?"

मी होकारार्थी मान हलवली. लॅपटॉप मिटला.

त्यांनी एकेका घरी फोन करून माफी मागितली. फॉर्म परत केले, मंडळ बंद केलं. त्या मुलीचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही.

आता बाई मुलीकडे असतात, मुलुंडला. बँकेचं कार्ड, घराची किल्ली, काही जवळ ठेवत नाहीत. "माझ्याकडे नको गं, मी कुठेतरी लिहून ठेवीन," म्हणतात. चाळीस वर्षं फळ्यावर गणितं सोडवलेली बाई. दिवाळीत गेलो तेव्हा शेजारणीला माझी ओळख करून दिली: "हा बिचारा सांगत होता, मीच ऐकलं नाही." बरीच नावं त्या विसरत चालल्यात. कॅलेंडर मात्र विसरलेल्या नाहीत. त्यांनी पुढे केलेली चकली मी खाल्ली आणि निघालो.

चूक तुमची नव्हती, माझी होती, एवढं एक वाक्य मी बाईंना देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.